तोजाच्या नकाशातून चालत गेलेलं घर

आमची तोजा शहरांची प्राध्यापक आहे. शहर कुठल्या बाजूला पसरणार, कुठली खाचरं गिळणार, कुठल्या तळ्यावर भराव पडणार, हे ती संगणकावर आधीच काढून दाखवते. मकासरच्या विद्यापीठात तिला बघून लोक उठून उभे राहतात. आणि हीच बाई माझ्याकडे आली की कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधत फिरते. मी तिची थोरली बहीण, हाद्रा; ती मला दाएंग म्हणते, म्हणजे ताई. नवऱ्यामुलींचे कपडे शिवते. मला शहरातलं काही कळत नाही, पण तोजातलं सगळं कळतं, म्हणून तिची गोष्ट सांगायचा हक्क माझा.

एकदा मी तिला सरळ विचारलं, "बाई गं, तू दिवसभर त्या पडद्यासमोर बसून नक्की करतेस काय? आणि मला समजेल असं सांग, विद्यार्थ्यांना सांगतेस तसं नको."

तिने माझ्या टेबलावरचं चौकड्यांचं कापड ओढलं, बटणांचा डबा उपडा केला आणि एका चौकटीत लाल बटण ठेवलं. "हे घर. आता शेजारच्या चौकटी बघतात."

"चौकटी बघतात?"

"बघतात. शेजारी किती घरं झाली, रस्ता किती जवळ आला, जमीन कोरडी आहे का ओली. सगळं जमलं की त्याही लाल होतात. मग त्यांच्या शेजारच्या."

"म्हणजे शेजारणीने नवे पडदे लावले की आपल्याला आपले जुने दिसायला लागतात, तसंच ना."

"अगदी तसंच," तोजा म्हणाली, आणि भराभर बटणं मांडत सुटली. मला तेव्हा एका बाहीला बटण कमी पडत होतं, म्हणून मी त्यातलं एक उचललं, तर बाईसाहेबांनी माझ्या हातावर चापट मारली. "दाएंग, उचलायचं नाही. एकदा लाल झालं की लाल. घराचं परत शेत होत नाही. हा आमचा पहिला नियम."

मी म्हटलं, बरं बाई, नियम तर नियम. बाहीला दुसरं बटण लावलं.

आता याच तोजाची लहानपणची गोष्ट ऐका. आमचं गाव सालोमाते, मारोसच्या पुढे, खाडीला धरून. आमचं खांबांवर उभं असलेलं लाकडी घर तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी होतं आणि भरतीला पाणी पार जिन्यापर्यंत यायचं. मग आंबोंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गावाला सांगितलं आणि गावाने शुक्रवारची नमाज झाल्यावर घर उचलून मशिदीपाशी आणून ठेवलं. आमच्याकडे घर असंच नेतात. खांबांना आडवे बांबू बांधायचे, शंभरेक माणसांनी खांदा द्यायचा, पुढे एकाने आरोळी द्यायची आणि चालायला लागायचं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, आमच्याकडे तर वासे खांद्यावर घेऊनच घर फिरवतात.

तर त्या दिवशी घर निघालं आणि तोजा गायब. आमची आई, इंदो, सैरभैर झाली. विहिरीत डोकावून झालं, केळीखाली शोधून झालं, मी रडायला लागले. आणि पुढून, हवेत तरंगत चाललेल्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून, आवाज आला, "दाएंग, बघ, सगळं गाव चाललंय." पोरगी आतच लपून बसली होती. तिला वाटत होतं घर जागेवर आहे आणि मशीद, नारळ, शेजारी, बकऱ्या, सगळे तिला भेटायला चालत येतायत. घर खाली टेकल्यावर इंदोने तिला आधी डावाने झोडपलं आणि मग मांडीवर बसवून बारोंगको भरवलं. आमच्या घरात बारोंगको, म्हणजे केळीच्या पानात उकडलेला केळ्याचा गोड गोळा, हे मारानंतरचं औषध होतं.

पुढे त्याच खिडकीतून इंदो रोज तिन्हीसांजेला हाक मारायची, "तोजा, जेवायला ये." माझं नाव कधी त्या हाकेत नसायचं, कारण मी आतच कांदे चिरत असायचे. तोजा मात्र बांधावर, नाहीतर झाडावर, नाहीतर दुसऱ्याच्या होडीत. हाक ऐकली की जिथे असेल तिथून अनवाणी पळत यायची.

मोठी झाली, मकासरला शिकली, मग कुठल्याशा थंड देशात जाऊन आणखी शिकली, परत येऊन प्राध्यापक झाली. रजब नावाच्या एका शांत माणसाशी लग्न केलं. तो इतका शांत आहे की तोजा त्याच्याशी भांडते आणि स्वतःच दमते. दोघांनी शहराच्या कडेला एका वसाहतीत पक्कं घर घेतलं. रांगेत सारखी घरं, सारखी फाटकं. रजब एकदा शेजाऱ्याच्या घरात शिरून पंखा लावून बसला होता.

इंदो गेली तेव्हापासून तोजाचं एकच पालुपद. "आंबो, माझ्याकडे चला. खोली रिकामी आहे."

आंबोंचं उत्तरही एकच. "तुझ्या घराला पाय नाहीत. माणसाने मातीवर झोपायचं म्हणजे काय?"

"फरशी आहे आंबो, माती नाही."

"फरशीखाली काय आहे?"

यावर प्राध्यापकबाई चष्मा शोधायला लागायच्या. आंबो आपल्या घरात, आपल्या खांबांवर, खूश होते. आमच्या प्रत्येक घरात एक खांब घराची बेंबी असतो, घराचा जीव तिथे. इंदोची ओढणी आंबोंनी त्या खांबाला बांधून ठेवली होती आणि सकाळी उठले की आधी त्या खांबाशी बोलायचे. आज समुद्र कसा आहे, हाद्राची कंबर कशी आहे, तोजाला सर्दी झालीय. मी कितीदा ऐकलंय. माझ्या कंबरेची बातमी सगळ्या गावाच्या आधी त्या खांबाला असायची.

मग रस्ता आला. मोठा, मकासरहून सरळ येणारा. आमच्या घराखालची जमीन आंबोंच्या चुलतभावाची. आमच्यात जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं असतं, त्यात भांडण नसतं. चुलतकाका शिजवलेला चिकट भात घेऊन आले, मान खाली घालून बसले आणि म्हणाले की रस्त्यासाठी जमीन द्यावी लागतेय, पुढचं पीक निघेपर्यंत वेळ आहे. आंबोंनी त्यांना कॉफी दिली आणि उलट त्यांचीच समजूत घातली.

आता घराचं काय, यावर आम्ही सगळे बसलो. लाकूड जुनं आणि लोखंडासारखं होतं. घर मोडून लाकूड विकायचं आणि आंबोंनी तोजाकडे जायचं, असंच सगळ्यांना दिसत होतं. तोजाने पिशवीतून नकाशा काढला. "माझ्या नकाशात हे कधीच लाल झालं होतं, दाएंग. रस्ता इथूनच जाणार होता."

माझं डोकंच फिरलं. "मग काय करू? नकाशाला हार घालू?"

तिने नकाशाची घडी घातली. आणि आंबो, ज्यांनी इतकी वर्षं कुणाचं ऐकलं नव्हतं, ते म्हणाले, "ठीक आहे. येतो मी तोजाकडे."

ते भांडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वस्तू वाटायला सुरुवात केली. जाळं शेजाऱ्याला, नारळ खवायचा घोडा मला, दिवा मशिदीला. मी घोडा घरी आणला आणि त्याच्यावर बसून रडले. नारळ काही खवला नाही. तिकडे तोजाने त्यांच्या खोलीला हिरवा रंग लावला, कारण खाचरं हिरवी असतात. लाकूडवाल्याचा दिवसही ठरला.

त्याच सुमारास तोजाची मोठी परीक्षा होती. आता परीक्षा कसली, तीच लोकांना नापास करते, पण विद्यापीठातल्या वरच्या लोकांपुढे तिला आपलं संगणकातलं भाकिताचं यंत्र सिद्ध करून दाखवायचं होतं. आकाशातून काढलेल्या जुन्या फोटोंवरून यंत्राने जे भाकीत केलं, ते नव्या फोटोंशी जुळतं का. बाकी सगळीकडे जुळत होतं. फक्त आमच्या किनाऱ्यालगत एक खोडी होती. जुन्या फोटोत जिथे घर, तिथे नव्यात रिकामी जमीन. असे लाल ठिपके मधूनच पांढरे व्हायचे. तोजाने कधी ढगांना दोष दिला, कधी विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंना. शेवटी काही वर्षांपूर्वीच तिने संगणकात एक चाळणी बसवली होती. असे नियम मोडणारे ठिपके सुरुवातीलाच चाळून टाकायचे, म्हणजे पुढे कटकट नको. ती चाळणी कितीतरी वर्षं चालू होती. तोजा तिच्याबद्दल मला अभिमानाने सांगायची.

एका रविवारी ती रजबबरोबर माझ्याकडे संगणक घेऊन आली. आंबोंनी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. घर मोडायच्या आधी ते वरून कसं दिसतं, पहिल्यापासून आतापर्यंत, एकदा बघायचं होतं. आता असल्या चित्राला चाळणी कोण लावतो? तिने मूळ फोटो काढले आणि माझ्या टेबलावर बसून आमचं घर शोधायला लागली. मी एका नवरीच्या बाहीला जर लावत होते.

तोजा गप्प बसली की समजायचं, एकतर झोप लागलीय किंवा काहीतरी सांडलंय. मी वर बघितलं. ती पडद्याला नाक लावून बसली होती.

"दाएंग, हे बघ. मशिदीपाशी आपलं घर आहे."

"आहे ना."

"आणि या जुन्या फोटोत नाही. इथे नुसती जमीन आहे. आणि ओढ्यापाशी एक घर आहे, ते पुढच्या फोटोत नाही."

"मग?" मी म्हटलं. "आपण हलवलं नाही का? तूच आत बसली होतीस, ठोंबे. इंदोचा डाव मोडला होता तुझ्या पाठीवर."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग तिला जे हसू फुटलं, ते काही थांबेना. चष्मा खाली पडला, माझी जर विस्कटली, रजब आतून धावत आला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "मी काय केलं माहितीये? मी आपलं घर चाळून टाकलं. मी त्याच्यात बसलेली, आणि मी स्वतःलाच चाळून टाकलं. आणि ही सगळी बाकीची..." ती पडद्यावर बोट नाचवायला लागली. "ही पण घरंच चालतायत गं. सगळा किनारा चालतोय. आणि मी म्हणते, घर हलत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. साऱ्या जगाच्या शहरांचं सांगणारी, आणि आपण ज्या घरात बसून गावभर फिरलो ते चूक म्हणून फेकून दिलेली. मी तिला हे ऐकवणारच होते, पण ती एकदम हसायची थांबली. बटणांच्या डब्यातून तिने एक लाल बटण काढलं, चौकड्यांच्या कापडावर ठेवलं आणि बोटाने हळूच दुसऱ्या चौकटीत सरकवलं.

"दाएंग," ती म्हणाली, "आंबोंचं घर मोडायचं कशाला?"

खरंच, कशाला? हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नव्हतं? पण गावात कितीतरी वर्षांत घर हललं नव्हतं. जवान माणसं कारखान्यांत गेलेली, जिकडेतिकडे विजेच्या तारा, आणि सगळ्यांनी मनाशी धरून टाकलं होतं की आता ते दिवस गेले. आम्हीही त्यातच.

"पण न्यायचं कुठे?" रजबने विचारलं.

तोजाने नकाशा उघडला. तिच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून, माशांच्या तळ्यांच्या कडेला, एक अरुंद पट्टा होता. आजूबाजूचं सगळं वर्षागणिक लाल होत गेलेलं आणि हा पांढराच. जमीन ओली, बिल्डरच्या काही कामाची नाही. "यंत्र म्हणतं इथे कधीच घर होणार नाही," तोजा म्हणाली. "पाय नसलेलं घर होणार नाही. पाय असलेल्याला ओलीचं काय?"

"ती जागा आमच्या घराण्याची आहे," रजब म्हणाला. लग्नापासून आजतागायत या माणसाने इतक्या मोक्याच्या वेळी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

शहर इतकं पुढे सरकलं होतं की तोजाची वसाहत आमच्याच गावाच्या खाचरांना येऊन टेकली होती. आम्ही लगेच आंबोंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खांबाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "माणसं कुठून आणणार?"

माणसांचा प्रश्न खराच होता. गावात घर उचलायची आरोळी देणारे म्हातारे मल्लावा अजून होते, त्यांना सगळे मानाने पुआंग म्हणत. पहिल्या वेळीही आरोळी त्यांचीच होती. तोजा त्यांच्या पायाशी जाऊन बसली. म्हातारा म्हणाला, "आवाज माझा आहे अजून. खांदे तू आण."

मग तोजाने जे केलं, ते तिचं विद्यापीठही कधी तिच्याकडून करून घेऊ शकलं नसतं. पीक निघालेली खाचरं कोणती, बांध कुठे रुंद, कालवा कुठे उथळ, तारा कुठे खाली लोंबतात, हे सगळं तिने संगणकावर मांडून एका घराला जाण्याजोगी वाट काढली. मग स्वतः उन्हात लांब बांबू घेऊन त्या वाटेने फिरली, प्रत्येक तारेखाली बांबू उभा करून बघत. लोक विचारायचे, "प्राध्यापक, आंबे पाडताय का?" कारखान्यात जाणाऱ्यांच्या घरोघरी गेली. त्यांच्या आयांना गाठलं, कारण आमच्याकडे आईने सांगितलं की मुलगा येतो. आणि आपल्या वर्गात जाऊन म्हणाली की शुक्रवारी दुपारी शहर वाढताना बघायचं आहे, जुने कपडे घालून या.

त्या शुक्रवारी मी पहाटेपासून चुलीशी. गावातल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात, केळी कुस्करतायत, पानं पुसतायत, पालुमाराच्या आंबट रश्श्यात मासे सोडतायत आणि एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतायत. अशी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. नमाज सुटली आणि माणसं यायला लागली. कारखान्यातले आले, मेहुणे-साडू आले, तोजाचे विद्यार्थी खेळाचे बूट घालून आले. त्यात एक तोराजाच्या डोंगरातला मुलगा होता, रांते. तो बांबू चाचपत म्हणाला, "आमच्याकडे आम्ही मेलेल्यांना खांद्यावर घेऊन नाचतो. जिवंत घर पहिल्यांदाच उचलतोय." मी त्याच्या तोंडात बारोंगको कोंबलं, म्हटलं, आधी खा, मग बोल.

आंबोंनी घरात जाऊन खांबाला सांगितलं, निघायचंय. कुठे, कुठल्या वाटेने, कोण कोण आलंय, सगळं सांगितलं. मग खाली उतरले. भांडी आधीच काढली होती. पुआंग मल्लावा पुढे उभे राहिले, छाती भरून घेतली आणि आरोळी दिली.

घर हललं नाही.

नुसतं कुरकुरलं. दुसऱ्या आरोळीला एक कोपरा उठला आणि बसला. विद्यार्थी एका तालात, कारखान्यातले दुसऱ्या, आमचे साडू तिसऱ्याच. म्हाताऱ्या बायका कुजबुजायला लागल्या की घराची इच्छा दिसत नाही. आंबोंचा चेहरा उतरला. लाकूडवालाही मागे अंगणाच्या कडेला येऊन उभा होता, बघू या काय होतं ते, म्हणून.

पुआंग मल्लावांनी भुवया चढवल्या. "आत कोण आहे?"

"कुणी नाही," रजब म्हणाला.

मी सहज आजूबाजूला बघितलं. तोजा नकाशा घेऊन पुढे चालणार होती. पुढे कुणीच नव्हतं. मी वर पश्चिमेच्या खिडकीकडे बघितलं. आमच्या प्राध्यापकबाई, पन्नाशी उलटलेल्या, कपाळावर चष्मा, चौकटीमागे दडून बसलेल्या.

"तोजा," मी ओरडले, "खाली उतर. लाज वाटत नाही?"

"नाही उतरणार."

सगळं अंगण हसायला लागलं. पुआंग मल्लावा म्हणाले, "अगं, तेव्हा तू मांजराएवढी होतीस. आता म्हैस झालीस."

"तेव्हा माझे विद्यार्थी नव्हते, पुआंग. आता आहेत."

विद्यार्थी गुडघ्यावर हात टेकून हसत होते. कुणीतरी म्हणालं, बाईंना आधी वजन कमी करायला सांगा, मग शहर वाढवू. मी जिन्याकडे निघाले होते तिचा कान धरायला, तेवढ्यात आंबोंनी मला थांबवलं.

"बसू दे तिला," ते म्हणाले. "त्या वेळी तिची आई वेड्यासारखी शोधत होती. या वेळी मला माहीत आहे ती कुठे आहे."

आंबो पुढे आले, खांदा द्यायचं वय नव्हतं, म्हणून त्यांनी बांबूवर नुसता तळहात ठेवला. हसून हसून सगळ्यांचा श्वास एका तालावर आला होता. पुआंग मल्लावांनी आरोळी दिली आणि घर उठलं. सहज उठलं. खांब जमिनीवरून सुटले, खाली शेकडो पाय दिसायला लागले, आणि आमचं घर चालायला लागलं. खिडकीतून तोजा ओरडत होती, "डावीकडे, डावीकडे, तार आहे," आणि मधूनच, "दाएंग, मशीद चालली बघ." मी हातात रश्श्याचा डाव घेऊन बाजूने पळत होते. माझी कंबर त्या दिवशी दुखली नाही.

खाचरं ओलांडली, कालवा ओलांडला. शेवटी तळ्यांच्या कडेला चिखल लागला. पुढच्या माणसांचे पाय रुतले, घर एका बाजूला कललं, आतून तोजा भांड्यासारखी घरंगळल्याचा आवाज आला. सगळे थकले होते. पुआंग मल्लावांचा आवाज बसला होता. वसाहतीतले लोक मागच्या भिंतीवर आणि गच्च्यांवर उभे राहून फोनवर फोटो काढत होते. वसाहतीचा पहारेकरी तर रजबला विचारत होता की हे वाहन समजायचं का इमारत, फाटकावर नोंद कशी करू.

मग भिंतीवरचा एक जाडा माणूस, बँकेत काम करतो तो, फोन बायकोकडे देऊन खाली उतरला. चिखलात शिरून त्याने खांदा लावला. "आमच्या आजोबांचं घर असंच नेलं होतं," म्हणाला. त्याच्यामागे दुसरा उतरला, मग भराभर. इस्त्रीचे शर्ट, घरातल्या चपला, एक तर लुंगी सावरत. रजबला त्यातली निम्मी नावंही माहीत नव्हती, इतकी वर्षं शेजारी राहून. घर सरळ झालं, चार हात पुढे गेलं आणि दगडांवर टेकलं.

आंबो जिना चढून आत गेले. मी मागे होते. ओढणी खांबाला तशीच होती. त्यांनी तळहात खांबावर ठेवला आणि म्हणाले, "पोचलो गं." मग इंदोला सांगायला लागले, चिखल किती होता, कोण कोण आलं होतं, बँकेतला माणूस कसा रुतला. तोजा कोपऱ्यात कपाळावरचं टेंगूळ चोळत बसली होती. ती रडत होती, मीही. मग मी तिला बारोंगको आणून दिलं.

नंतरचं आधी सांगून टाकते. तोजाने ती चाळणी काढून टाकली. परीक्षेत एका मोठ्या माणसाने विचारलं की बांधलेली जागा रिकामी होते म्हणजे घर जातं कुठे. तिने पडद्यावर एक फोटो लावला, शेकडो पायांचं घर आणि खिडकीत ती. सभागृह बराच वेळ हसत होतं. ती परीक्षेत पास झाली. किनाऱ्यावरच्या बाकीच्या ठिपक्यांमागे ती आता गावोगाव फिरते, कुठलं घर कुठून कुठे गेलं ते विचारत, आणि येताना माझ्यासाठी सुकी मासळी आणते. तिच्या हिरव्या खोलीत मी माझी कपड्यांची गाठोडी ठेवली आहेत.

पण मला आठवते ती त्याच शुक्रवारची संध्याकाळ. माणसं जेवून गेली होती. तोजा स्वतःच्या घरी गेली, आंघोळ केली, भात लावला आणि मागचं दार उघडून आंबोंना हाक मारायला उभी राहिली. इतकी वर्षं ती त्यांना जेवायला बोलवत होती आणि ते येत नव्हते. आता नुसती भिंत मध्ये होती. मी तिच्या ओट्याशी कांदे चिरत होते.

तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, पश्चिमेच्या खिडकीतून, आंबोंचा आवाज आला. शब्द तेच होते, चालही इंदोचीच होती.

"तोजा, जेवायला ये."

तोजाने गॅस बंद केला, स्टूल ओढून भिंतीला लावलं आणि चढायला लागली. मी म्हटलं, "अगं, फाटकातून जा, पडशील. आणि चप्पल तरी घाल." पण तोवर ती भिंतीच्या पलीकडे उतरली होती, अनवाणी.